मश्रूमवरची मसूरडाळ

समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवणारा कुणी ‘माझ्याकडे एकही किडा नाही’ म्हणाला, तर एक तर त्याची टाकी नवी असते किंवा त्याने दिवे मालवल्यावर टॉर्च मारून आत बघितलेलं नसतं. माझ्या टाकीत किडे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांशी माझं काही भांडण नाही. भांडण झालं ते एकाच जातीशी. ते गणपतीत सुरू झालं आणि संक्रांतीच्या आसपास मिटलं.

टाकी कर्वेनगरच्या घरात, हॉलमध्ये. तीन बाय दीड बाय दीड फूट, खाली कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळणारी जोडटाकी. दगड आणि वाळूने अडवलेली जागा सोडली तर वरखाली मिळून १७० लिटरच्या आसपास पाणी. पहिल्यांदा भरताना बादल्या मोजून आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता. त्याचा उपयोग पुढे येईलच. आत क्लाउन माशांची जोडी, एक फायरफिश मासा, एक क्लीनर श्रिंप, गोगलगाई आणि सगळी मऊ प्रवाळं: मश्रूम, झोअँथिड, हिरवे स्टार पॉलिप, एक मोठं लेदर.

‘मालवणहून आणलं का हो?’ असं बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो. नाही. तिथून काही उचलून आणायचं नसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, त्यात २००१ साली रीफ, म्हणजे समुद्रातले प्रवाळखडक, बांधणारी सगळी दगडी प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आली. म्हणजे कायद्याच्या यादीत ती वाघाच्या शेजारी बसतात. काळी प्रवाळं, फायर कोरल, ऑर्गन पाइप, सी फॅन हेही त्यातच. म्हणून माझ्याकडे मऊ प्रवाळं, तीही दुसऱ्या शौकिनांच्या टाकीत वाढलेली, आणि दगड कृत्रिम. कोरड्या कृत्रिम दगडाने सुरुवात केली की किडे येत नाहीत, अशी एक समजूत आहे. दगडातून येत नाहीत हे खरं. पण मश्रूमच्या बुडाच्या खड्यावरून येतात, गोगलगाईच्या शंखावरून येतात, पिशवीतल्या पाण्यातूनही येतात.

गणपतीला भाची आली होती. काचेला नाक लावून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, “मामा, या मश्रूमवर मसूरडाळ कोणी चिकटवली?”

डाळच दिसत होती खरी. तांबूस, गंजाच्या रंगाची, चपटी, काही मिलिमीटरची. तपकीर गल्लीतून कधीतरी घेतलेलं भिंग लावून बघितलं तर ती डाळ सरकत होती आणि मागच्या टोकाला तीन शेपट्या होत्या. तीन शेपट्या दिसल्या की वाद संपतो. हा शौकिनांच्या भाषेतला रेड प्लॅनेरिया, शास्त्राच्या भाषेत कॉन्व्होल्युट्रिलोबा. सगळे याला फ्लॅटवर्म म्हणतात, मीही म्हणतो, पण गेल्या पंचवीसेक वर्षांत जनुकांच्या अभ्यासानंतर शास्त्रज्ञांनी हा सगळा गट खऱ्या चपट्या कृमींपासून वेगळा काढला आहे. टाकीवाल्याला त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो त्याच्या वाढीच्या पद्धतीने. त्याला जोडीदार लागत नाही. मागच्या कडेला कळी फुटते, त्या कळीचं तोंड आईच्या उलट दिशेला असतं, आणि पुरेशी वाढली की ती सुटून आपल्या वाटेने जाते. एक आला तरी पुरतो.

तो प्रवाळ खात नाही, हे आधी सांगायला हवं, कारण घाबरून लोक भलतंच करतात. दगडी प्रवाळ कुरतडणारे चपटे किडे वेगळे, अ‍ॅक्रोपोरासारखी दगडी प्रवाळं ठेवणाऱ्यांची ती डोकेदुखी. या लाल मंडळींच्या अंगात शेवाळ असतं, त्यामुळे ती उन्हं खात बसावीत तशी दिव्याखाली पसरतात. जोडीला पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीवही पकडतात. त्रास होतो तो गर्दीचा. मश्रूमवर थरावर थर बसले की त्याला उजेड मिळत नाही, ते आक्रसतं, कडा गुंडाळून घेतं. माझं निळं मश्रूम तोवर निम्म्या आकाराचं झालं होतं.

खरी भीती दुसरीच. हे किडे मरताना विष सोडतात. दहा-वीस मेले तर टाकीला कळतही नाही. हजारो एका तासात मेले तर मासे जातात. म्हणजे औषध आहे, ते लागूही पडतं, आणि लागू पडतं हीच अडचण. पुढे जे काही केलं ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरत राहिलं.

आता सल्ल्यांविषयी. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका संध्याकाळी फेरी मारून येताना डोकावले, म्हणाले, “अहो, थोडं मीठ टाका की पाण्यात. सगळे किडे मरतील.” टाकीत आधीच लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ आहे, हे ऐकून ते जरा नाराज झाले. गंमत अशी, की काकांचा उपाय उलटा केला तर चालतो. या किड्यांना गोडं पाणी सोसत नाही, अंगात पाणी शिरून ते फुगतात आणि सुटतात. त्याचा वापर मी पुढे केला. बहिणीचे दीर जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांनी फेनबेंडाझोल सुचवलं. जंतांवर ते उत्तम, पण स्टार पॉलिप आणि पिसांसारखे पंखे उघडणारे नळीकिडे त्याने मरतात, शिवाय ते दगडात मुरतं आणि नंतर बराच काळ गोगलगाई जगत नाहीत, असा टाकीवाल्यांचा अनुभव आहे. माझ्या टाकीत दोन्ही, म्हणून ते बाद. एका मित्राने सांगितलं की चेलिडोनुरा नावाची निळी-काळी समुद्री गोगलगाय फक्त हेच किडे खाते. खरं आहे. पण फक्त हेच खाते म्हणूनच किडे संपले की ती उपाशी मरते, आणि तशीही ती मला कुणाकडे मिळाली नाही.

याच दिवसांत रात्री टॉर्च मारताना दगडाखालून एक केसाळ, गुलाबीसर, बोटभर लांब प्राणी अर्धा बाहेर आलेला दिसला. बायकोने बघितला आणि म्हणाली, “हा आधी काढ. ते लाल राहू देत, हा काढ.” दिसायला भयानक, मान्य. पण ब्रिसलवर्म म्हणजे टाकीचा झाडूवाला. उरलेलं अन्न, मेलेली गोगलगाय, सगळं रातोरात साफ करतो. त्याचे केस बोटात घुसतात आणि काचेच्या लोकरीसारखे चुरचुरतात, म्हणून दगड हलवताना हातमोजे घालावेत, एवढंच. त्याला मी हात लावला नाही. तिने मग इंटरनेटवर बॉबिट वर्म शोधून काढला, वाळूत दबा धरून माशाला ओढून नेणारा. जपानमध्ये शिराहामाला २००९ साली तराफ्याच्या तरंगत्या पिंपात सापडलेला तर जवळजवळ तीन मीटरचा होता. हे वाचल्यावर आठवडाभर टाकीत हात घालायचं काम एकट्या माझ्याकडे आलं. तसं ते आधीही माझ्याकडेच होतं.

काम सुरू केलं ते सायफनने, म्हणजे नळीने पाण्याबरोबर किडे ओढून. बोहरी आळीतून पातळ पारदर्शक नळी आणली, एअर पंपाला लावतात तेवढ्याच जाडीची, आणि ती जुन्या टूथब्रशच्या दांड्याला रबरबँडने बांधली. जाड नळीने पाणी भसाभस जातं आणि किडे हाती येत नाहीत. पातळ नळीने एकेक टिपता येतो. खालचं टोक बादलीत, बादलीच्या तोंडाला मलमलचं फडकं. वेळ दुपारनंतरची, दिवे लागून दोन-तीन तास झाल्यावर. तेव्हा ते उजेडात आणि प्रवाह कमी असलेल्या जागी जमलेले असतात, मश्रूमच्या मधोमध, वाळूच्या कोपऱ्यात, काचेच्या खालच्या कडेला. सकाळी दिवे लागायच्या आत गेलात तर चार सापडतील आणि उगाच आनंद होईल.

बादलीतलं गाळलेलं पाणी परत टाकीत ओतायचं की फेकायचं, यावर टाकीवाल्यांत दोन तट आहेत. परत टाकणाऱ्यांचं म्हणणं, मीठ महाग आहे. आहेच. पण नळीतून येताना किडे फाटतात, फाटलेल्यांचं विष त्याच पाण्यात असतं आणि मलमलीतून बारीक पिल्लं निसटतात. मी फेकत गेलो आणि पाणी बदलण्याच्या खात्यात ते धरलं. फडकं लगेच नळाखाली धुवायचं, गोड्या पाण्याने राहिलेले तिथेच संपतात. खारं पाणी बाथरूमच्या मोरीत. कुंड्यांना नाही, आणि सोसायटीच्या बागेत तर मुळीच नाही. तिथला माळी मला अजून ओळखतो तो एका जुन्या जास्वंदीमुळे, पण ती वेगळी गोष्ट.

यात पाण्याचा हिशेब येतो. पुण्यात समुद्राचं पाणी आपणच बनवतो. आरओचं पाणी, त्यात मीठ, घनता १.०२५, रात्रभर पंप लावून ढवळत ठेवायचं. खडकवासल्याचं नळाचं पाणी तसं मवाळ, आरओच्या फिल्टरला फार कष्ट पडत नाहीत. सोसायटीत टँकर आला की पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरचा आकडा एकदम चढतो आणि फिल्टर भराभर संपतात. काही जण मुरूडहून किंवा हरिहरेश्वरहून कॅन भरून आणतात. मी त्या वाटेला गेलो नाही. किनाऱ्याजवळचं पाणी गाळून, साठवून, तपासून वापरण्यात जेवढी मेहनत आहे तेवढ्यात घरी दोनदा पाणी होतं.

सायफनच्या जोडीला खाणं निम्म्यावर आणलं, दिव्याचे तास कमी केले, टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाची, वेव्हमेकरची, दिशा बदलून जिथे पाणी साचल्यासारखं होत होतं तिथे मारा वाढवला. या तिन्हींचा परिणाम दिसायला वेळ लागतो. दिवाळीपर्यंत समोरच्या बाजूचे मश्रूम मोकळे झाले, निळ्याने अंग पसरलं. आणि मग आकडा तिथेच थांबला. जेवढे ओढावेत तेवढे पुन्हा. दगडाच्या पाठीमागे, जिथे माझी नळी पोचत नव्हती, तिथे त्यांचं बाळंतघर होतं.

मधल्या काळात कुर्ल्याच्या बाजारातून पिवळा रास (इंग्रजीत wrasse) नावाचा मासा आणला. हॅलिकोएरस क्रिसस, हळदीच्या रंगाचा, बारीक तोंडाचा, दिवसभर दगड टोचत फिरणारा. सहा पट्ट्यांचा रासही हे काम करतो पण तो मोठा झाला की टाकीचा दादा होतो, आणि माझी फायरफिश भित्री. पिवळ्याला झोपायला वाळू लागते, संध्याकाळी तो सरळ वाळूत घुसतो. पहिले काही दिवस दिवसाही तिथेच होता, तेव्हा मेला असं समजून उकरू नये. उडी मारण्यात पटाईत, म्हणून टाकीवर जाळी हवीच. त्याने किडे खाल्ले का? खाल्ले, माझ्या डोळ्यांदेखत. पण आधी त्याने टाकीतले सगळे चविष्ट बारीक जीव संपवले आणि मग नाइलाजाने यांच्याकडे वळला. रास आणला की काम झालं असं जे सांगितलं जातं, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. प्रत्येक मासा खातोच असंही नाही. उरलेल्यांवर पहारा ठेवायला तो चांगला.

प्रवाळं एकेक करून बाहेर काढता येत होती तेवढी काढली. आधी टाकीच्या पाण्यात आयोडीनचं द्रावण घालून त्यात बुडवली, मग मश्रूम तेवढी टाकीच्या तापमानाच्या आरओ पाण्यात क्षणभर धरून हलवली. डाळ धुतल्यासारखे किडे तळाशी. मश्रूमला हे सोसतं, सगळ्या मऊ प्रवाळांना सोसेल असं नाही. झोअँथिडना मी आयोडीनवरच सोडलं. ज्या खड्यावर ती चिकटलेली असतात तो खडा जमेल तिथे कापून टाकला आणि नवा लावला. लेदर मोठ्या दगडाला धरून बसलेलं, ते हललंच नाही.

मग औषध. सालिफर्ट या डच कंपनीचं फ्लॅटवर्म एक्झिट, थेंबांनी मोजायचं. ओतण्याआधी एका काचेच्या पेल्यात टाकीचं पाणी, त्यात पकडलेले थोडे किडे आणि प्रमाणात औषध, असं करून बघितलं. काही मिनिटांत ते गोल वळले आणि सुटून तळाशी पडले. म्हणजे माझ्या किड्यांवर ते चालतं, आणि किती वेळात चालतं हेही कळलं. मात्रा टाकीच्या मापावर नाही, पाण्याच्या खऱ्या लिटरवर काढायची. कपाटाच्या दाराचा तो आकडा इथे कामाला आला. काचेच्या मापाने हिशेब केला असता तर दगडांनी अडवलेल्या जागेचंही औषध पडलं असतं.

वार ठरवताना गुरुवार सोडला. आपल्याकडे वीज आणि पाणी, दोघांच्याही दुरुस्त्या गुरुवारीच निघतात. रविवारी सकाळी सुरुवात केली. आदल्या दिवशीपासून दोन ड्रममध्ये ऐंशी लिटर खारं पाणी ढवळत होतं, टाकीइतक्याच तापमानाचं. पाण्यातली रसायनं शोषणारा नवा कार्बन धुऊन तयार, जुना आधीच काढलेला, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. दोन जादा एअरस्टोन, बॅटरीवर चालणारा पंप शेजारी. स्किमर म्हणजे फेसावाटे पाण्यातली घाण काढणारं यंत्र, त्याचा कप काढून ते नुसतं हवेसाठी चालू ठेवलं. मुलीला मोबाइलवर वेळ बघायला बसवलं होतं.

आधी तासभर सायफन. हे कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच गाळावंसं वाटतं, कारण औषध समोर तयार असतं. जेवढे जिवंत बाहेर जातील तेवढं विष कमी, एवढं डोक्यात ठेवलं आणि नळी चालवत राहिलो. मग औषध सम्पमध्ये, हळूहळू.

जे दिसलं त्याची तयारी मनात नव्हती. समोरचे दगड जवळजवळ स्वच्छ झाले होते, त्यामुळे फार नसतील असं वाटत होतं. पाठीमागून ते निघाले. गंजाच्या रंगाचे तुकडे दगडांच्या फटींतून सुटून प्रवाहात फिरायला लागले, सगळ्या टाकीत गढूळ तांबूस पाऊस. दोन नळ्या लावल्या, एक माझ्याकडे, एक बायकोकडे. ती टाकीत हात घालणार नव्हती, पण घातला. फायरफिश बिळात गेली. श्रिंप मात्र नेहमीप्रमाणे माझ्या नळीवर चढून बसला.

“अरे, क्लाउन वर येऊन तोंड का उघडतोय बघ,” बायको म्हणाली. मोठी मादी पृष्ठभागाशी होती, कल्ले भराभर हलत होते. ठरल्यापेक्षा आधीच कार्बन लावला आणि पाणी बदलायला घेतलं, पहिला ड्रम पूर्ण, मग दुसराही. निम्मं पाणी बदलून झालं तेव्हा ती खाली आली. मेलेल्या किड्यांचे ढीग कोपऱ्यांत साचत होते, ते दुपारभर उपसत राहिलो. संध्याकाळी स्किमरचा कप परत बसवला तर त्याने इतका फेस काढला की कपाटात वाहिला. कार्बन दुसऱ्या दिवशी बदलला, अमोनिया तपासला, पुन्हा थोडं पाणी बदललं. मासे सगळे राहिले. दोन गोगलगाई गेल्या, त्या औषधाने की वयाने, सांगता यायचं नाही. ब्रिसलवर्म रात्री नेहमीसारखे बाहेर आले आणि मला जे दिसत नव्हतं तेही साफ करून गेले.

आठवड्याने तेच सगळं पुन्हा. कुठेतरी दडून राहिलेला एखादा असतोच, आणि एकावरून हजार कसे होतात ते वर सांगितलंय. या वेळी प्रवाहात मोजके तुकडे फिरले आणि तेवढ्यावर थांबलं. माशांनी दखलही घेतली नाही. पिवळा रास त्यानंतर दगडाच्या पाठीमागे गस्त घालताना दिसायचा. आता त्याला दिवसातून दोनदा वेगळं खायला घालावं लागतं, कारण टाकीत टिपण्यासारखं त्याने काही ठेवलेलं नाही.

नवीन येणारं प्रत्येक प्रवाळ आता आधी गच्चीच्या खोलीतल्या प्लॅस्टिकच्या डब्यात राहतं, छोटा दिवा, छोटा पंप, रोज भिंगातून तपासणी. पाहुण्यांना दाखवण्यासारखं त्यात काही नाही. मुलगी त्याला ‘क्वारंटाइन सेंटर’ म्हणते आणि आत आलेल्यांची नावं पाटीवर लिहिते.

औषधाची बाटली निम्मी उरली होती. हडपसरच्या एका मित्राच्या टाकीत हेच निघाल्यावर ती त्याला दिली. त्याची टाकी माझ्या दुप्पट, दगडही दुप्पट, आणि बाटली हातात आल्या दिवशीच त्याला ती ओतायची होती. आधी नळी आणायला लावली. आता तो दर रविवारी सायफन झाल्यावर टाकीच्या पाठीमागच्या बाजूचे फोटो पाठवतो आणि खाली विचारतो, ‘घालू का?’ अजून नाही म्हणून सांगितलंय. कालच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात बरेच दिसत होते.